माळ्यावरचा व्हीसीआर पुन्हा चालता करताना

माळ्यावरून व्हीसीआर खाली उतरवला, धूळ झटकली, प्लग लावला, दिवा लागला आणि हौसेने लग्नाची कॅसेट लगेच आत सारली. पुढच्या मिनिटात करकर आवाज, मशीन बंद, आणि कॅसेट बाहेर ओढावी तर मागून हातभर टेप लोंबतेय. जुन्या व्हीसीआरच्या बऱ्याच कहाण्या इथेच संपतात. पंधरा-वीस वर्षं जागचं न हललेलं रबर आणि सुकून घट्ट झालेलं ग्रीस एकदम कामाला जुंपलं तर दुसरं काय होणार?

म्हणून सगळ्यात आधी एवढं ठरवून टाका की ज्या कॅसेटसाठी हा खटाटोप चाललाय ती सगळ्यात शेवटी आत जाईल. त्याआधी एखादी फालतू कॅसेट शोधा. जुन्या हिंदी सिनेमाची, भंगारात पाच-दहा रुपयांना मिळणारी कुठलीही चालेल, फक्त बुरशी नसलेली हवी. मशीनने ती तास-दीड तास नीट चालवून दाखवली की मगच घरच्या कॅसेटचा विचार करा.

आणि एक मोठी दिलाशाची गोष्ट. 'हेड गेलंय, आता काही होणार नाही' असं सांगून परत पाठवलेली मशीन्स उघडून पाहिली की बहुतेक वेळा हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, शाबूत असतं. बिघाड असतो तो मळाचा, रबराचा आणि ग्रीसचा. इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत जायची वेळ फार कमी येते, तेही बहुधा पॉवर सप्लायपुरतं. हे काम घरी, धीराने, करता येण्यासारखं आहे.

प्लग लावण्यापूर्वी

मागच्या पट्टीवरचं लेबल वाचा. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आले आणि त्याच सुमारास आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मंडळींनी नॅशनल, अकाई, जेव्हीसी अशी मशीन्स आणली. त्यांतली बरीचशी ११० ते २४० व्होल्टवर चालणारी आणि पाल, एनटीएससी (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती, आपली पाल आणि अमेरिकेची एनटीएससी) दोन्ही दाखवणारी आहेत. पुढे व्हिडिओकॉन, बीपीएल वगैरे इथली मशीन्स आली, त्यांचा प्रश्नच नाही. सांभाळायचं ते अमेरिकेहून किंवा जपानहून आलेल्या मशीनला. लेबलवर १२० किंवा १०० व्होल्ट लिहिलं असेल तर ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घालणं म्हणजे धूर काढणं. त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो.

हे लेबल कॅसेटच्या बाबतीतही कामाचं आहे. काका न्यू जर्सीहून शूटिंग पाठवायचे, ती कॅसेट दिसायला तंतोतंत आपल्यासारखीच. पण त्यात एनटीएससी सिग्नल असतो आणि टेपचा वेग सेकंदाला ३३.३५ मिलिमीटर. आपल्या पालचा वेग २३.३९ मिलिमीटर. फक्त पाल असलेल्या मशीनमध्ये ती लावली की चित्र फाटतं, माणसं जड आवाजात सावकाश बोलतात. मशीन बिघडलं म्हणून उगाच उघडू नका.

लेबलवर काही भलतं नसेल तरी पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब लावा. कुठल्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर तो दिसतो: एका होल्डरमध्ये ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब, फेजच्या वायरीत ओळीने जोडलेला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. मशीन ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. हे जोडकाम जमत नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड बनवून घ्या, पुढे इतर उपकरणांनाही कामी येतो.

सामान

फार लागत नाही. चांगल्या टोकाचा मध्यम आकाराचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, एक लहान चपटा, चिमटा, मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा. स्क्रू ठेवायला इडलीपात्र उत्तम. एकेका खळग्यात एकेका जागचे स्क्रू.

स्वच्छतेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला नुसतं 'आयपीए' म्हणतात ते, ९९ टक्के शुद्ध. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत मिळतं, गावी मोबाइलच्या सामानाच्या दुकानात विचारा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, ते हेडवर थर धरतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी प्लॅस्टिक विरघळतं. कानातल्या काडीसारख्या कापसाच्या काड्या घ्या, पण त्या कुठे वापरायच्या आणि कुठे मुळीच नाही हे पुढे वाचल्याशिवाय डबी उघडू नका. ग्रीस पांढरं, लिथियमचं. तेल शिलाई मशीनचं. गंज सोडवायचा जो स्प्रे सगळ्यांच्या घरी असतो तो या कामापासून लांब ठेवा. तो उडतो, पसरतो, आणि नेमका रबरावर जाऊन बसतो.

उघडणं

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण घड्याळासाठी मशीन आतून सतत चालू असतं. वरच्या पत्र्याला दोन्ही बाजूंना आणि मागे स्क्रू असतात. ते काढून पत्रा मागच्या बाजूने किंचित उचला आणि मागे ओढा. आता काहीही हलवण्यापूर्वी भरपूर फोटो काढा, सगळ्या कोनांतून.

एका कोपऱ्यात जाळीच्या किंवा पत्र्याच्या डबीत पॉवर सप्लाय दिसेल. तिथे हात नको. एसएमपीएस (स्विच-मोड पॉवर सप्लाय) प्रकारच्या सप्लायमध्ये २३० व्होल्टचं डीसी होऊन सुमारे ३२५ व्होल्ट मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच असतात. आज आपलं काम त्या डबीबाहेरच आहे.

उघडं मशीन चालवून पाहताना आणखी एक चमत्कार दिसतो. कॅसेट आत जाते आणि लगेच बाहेर येते, किंवा प्ले दाबलं तरी मशीन ढिम्म. कारण असं की कॅसेटच्या मध्यभागी खालून एक इन्फ्रारेड दिवा वर येतो आणि दोन्ही बाजूंना त्याचा प्रकाश टिपणारे सेन्सर असतात. टेपची दोन टोकं पारदर्शक असतात. तिथून प्रकाश पलीकडे गेला की मशीनला कळतं, टेप संपली. पत्रा काढलेल्या मशीनवर खिडकीतलं ऊन किंवा टेबललॅम्प पडला की सेन्सर फसतो. नवखा माणूस यावर अख्खा दिवस घालवतो. वर पुठ्ठा आडवा धरा किंवा दिवा दुसरीकडे वळवा, झालं.

अडकलेली कॅसेट असेल तर

मशीन उघडायचं कारणच बहुतेक वेळा हे असतं. जोर लावून ओढू नका. आत पाहा: टेप कॅसेटमधून बाहेर येऊन चकचकीत ड्रमभोवती वेढलेली असेल. लोडिंग मोटर शोधा, ती छोटी असते आणि तिच्या दांड्यावर पितळी किंवा पांढरी मळसूत्री गिअर किंवा छोटी पुली असते. ती बोटाने सावकाश फिरवा. एका दिशेला टेपचे दोन खांब ड्रमपासून मागे सरकू लागतील, तीच दिशा बरोबर. खांब मागे येतात तशी टेप सैल होते. ती दुसऱ्या हाताने एखादं रीळ फिरवून कॅसेटमध्ये गुंडाळत राहा. खालच्या बाजूने रीळ फिरत नसेल तर ब्रेकची पट्टी अलगद बाजूला धरावी लागते. टेप पूर्ण आत गेली की मग तीच मोटर आणखी फिरवत कॅसेटची टोपली वर येते. काही मशीनमध्ये टोपलीला वेगळी मोटर असते. याला वीस मिनिटं लागतात. घाईने टेप कापून कॅसेट काढणारे कारागीर असतात; तुम्ही त्यातले होऊ नका.

कुठे काय असतं

ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा, किंचित तिरका बसवलेला. त्याचा खालचा भाग स्थिर, वरचा भाग पालमध्ये मिनिटाला १५०० फेरे फिरतो. वरच्या भागाच्या खालच्या कडेला, समोरासमोर, बारीक खाचांमध्ये व्हिडिओ हेडची टोकं दिसतात. दोन हेडच्या मशीनमध्ये दोन, चार हेडच्यात चार. टेप हळू सरकते, हेड वेगाने फिरतं, आणि टेपवर तिरक्या रेघांत चित्र वाचलं जातं. एकेका रेघेची रुंदी साधारण ४९ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी. इतक्या बारीक कामात मळाचा एक ठिपका आड आला तर चित्र जाणारच.

टेपच्या वाटेवर डावीकडून उजवीकडे गेलात तर आधी टेपला ताण देणारा हात, मग अख्खी टेप पुसणारं इरेज हेड, एक रोलर, ड्रमच्या आधीचा खांब, ड्रम, नंतरचा खांब, मग आवाजाचं आणि कंट्रोलचं एकत्र हेड, मग कॅपस्टन नावाची उभी चकचकीत दांडी आणि तिला चिकटून टेप ओढणारा काळा रबरी पिंच रोलर. खाली दोन रिळं आणि त्यांच्या मधे इकडून तिकडे झुलणारं आयडलर चाक.

या वाटेवरच्या काही स्क्रूंवर कारखान्यातला रंग लावलेला दिसेल. तो रंग म्हणजे 'हात लावू नये' अशी पाटी समजा. त्या जागा विशेष कॅसेट लावून, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सिग्नल पाहत बसवलेल्या असतात. घरी त्या फिरवल्या की पूर्वीच्या जागी आणणं फार कठीण.

हेड साफ करणं

सगळ्यात नाजूक काम हेच, म्हणून ते सविस्तर.

व्हिडिओ हेडचं टोक फेराइटचं असतं, काचेसारखं ठिसूळ. कापसाची काडी त्यावर फिरवली की धागा टोकाला अडकतो आणि पुढच्या झटक्यात टोक तुटतं. म्हणून ड्रमला कापूस कधीच नाही. दुकानात मऊ चामड्याच्या काड्या मिळत असत, मिळाल्या तर घ्या. नाही मिळाल्या तर झेरॉक्सचा साधा पांढरा कागद पुरतो, आणि माझ्या मते तो चामड्याहूनही बरा, कारण त्यावर मळ दिसतो.

कागदाची दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. आयपीएमध्ये बुडवून जादा निथळू द्या. पट्टी ड्रमच्या बाजूला टेकवून एका बोटाने हलकेच दाबून धरा. हा हात आता हलवायचा नाही. दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग त्याच्या माथ्यावरून धरून सावकाश फिरवा, पाच-सहा फेरे. हेड कागदाखालून जातं तेव्हा बोटाला बारीकशी खूण लागते. पट्टी वर-खाली घासायची नाही, कधीच नाही. हेड आडव्या दिशेचा दाब सोसतं, उभ्या दिशेचा सोसत नाही. कागद उचलून पाहा. तपकिरी-काळ्या रेघा उमटल्या असतील. नवी पट्टी घ्या आणि पुन्हा, कागद पांढरा राहीपर्यंत. ड्रमच्या चकचकीत बाजूला बोट लावू नका, त्वचेचं तेल टेपवर जातं.

मग पंधरा मिनिटं थांबा. ओल्या ड्रमला टेप चिकटली तर ती ड्रमबरोबर गुंडाळली जाते आणि मग वरचा अडकलेल्या कॅसेटचा परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो.

बाकी सगळ्याला मात्र कापसाची काडी बिनधास्त चालते. आवाजाचं हेड, इरेज हेड, खांब, रोलर. कॅपस्टनच्या दांडीवर बहुधा तपकिरी कडं साचलेलं असतं. खालून चाक फिरवत ते पूर्ण निघेपर्यंत पुसा. ड्रमच्या स्थिर भागावर टेप जिथे टेकून जाते ती बारीक कड विसरू नका, तिथल्या मळाने टेप उचलली जाते.

हेड क्लीनर कॅसेट बाजारात असायच्या. ओल्या प्रकारच्या ठीक होत्या. कोरड्या प्रकारच्या म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. रोज लावून त्यांनी हेड झिजवली. घरात जुनी सापडली तरी वापरू नका.

रबर

पिंच रोलर चकाकत असेल, तर ते चांगलं लक्षण नाही. नवं रबर निस्तेज काळं असतं. काडीला थोडंसं आयपीए लावून तो फिरवत पुसा, काडी काळी येणं कमी होईपर्यंत. नखाने दाबून पाहा: किंचित दबला तर चालेल, दगडासारखा असेल किंवा भेगा दिसल्या तर बदलावा लागेल.

आयडलरच्या चाकावरचं रबर घसरत असेल तर एक जुनी युक्ती आहे. चाकावरचं रबरी कडं काढा आणि आतली बाजू बाहेर करून परत चढवा. आतली बाजू झिजलेली नसते. कायमचा इलाज नाही, पण दहा-बारा कॅसेट उतरवून घेण्यापुरता पुरतो.

बेल्ट पाहायला मशीन उलटं करून खालचा पत्रा काढा. बेल्ट ओढून सोडल्यावर टचकन परत येत असेल तर राहू द्या. सैल असेल, किंवा पुलीच्या आकारात वाकून राहिला असेल, तर बदला. कधी कधी तो डांबरासारखा वितळून पुलीला चिकटलेला असतो. हातमोजे घालून, आयपीएने खरवडून काढा, नाहीतर दोन दिवस बोटं काळी. नवा बेल्ट घेताना जुन्याचा आतला घेर दोऱ्याने मोजा आणि त्याहून सुमारे पाच टक्के कमी घेराचा घ्या, कारण जुना ताणलेला असतो. जाडी आणि काप चौकोनी आहे की चपटा हेही जुळवा. जुना बेल्ट गरम पाण्यात उकळून आवळायचा प्रकार ऐकिवात असेल. तो आवळतो, आणि आठवड्याभरात पुन्हा सैल होतो.

सुटे भाग मिळण्याबाबत स्पष्ट सांगतो. जेव्हीसीने १९७६ साली जपानमध्ये आणलेला हा व्हीएचएस प्रकार (आपल्या घरच्या कॅसेट याच प्रकारच्या) चाळीस वर्षं टिकला. जपानच्याच फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, ती नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी. म्हणजे पिंच रोलर आणि गिअर आता बहुधा दुसऱ्या मशीनमधूनच काढायचे. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, ओळखीचे भंगारवाले यांना आपल्या मशीनचा मॉडेल नंबर लिहून देऊन ठेवा. एकसारखी दोन बंद मशीन्स मिळणं म्हणजे एक चालू मशीन हाती असणं.

ग्रीस, तेल आणि मोड स्विच

मूळ ग्रीस पिवळंतपकिरी होऊन मेणासारखं घट्ट झालेलं असतं. त्यामुळे लोडिंग मोटरला पूर्ण फेरा पुरा करता येत नाही, मशीन अर्ध्यावर थांबतं आणि बंद पडतं. लोकांना वाटतं मोटर गेली. खांब सरकतात ती चाकोरी, मळसूत्री गिअर, टोपलीच्या बाजूच्या पट्ट्या, एवढ्या जागचं जुनं ग्रीस पुसून काढा आणि नवं अगदी पातळ लावा. कॅपस्टनच्या वरच्या बेअरिंगला तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकाने. थेंब ओघळून कॅपस्टनवर आला तर पिंच रोलर घसरणार, म्हणून नंतर दांडी पुन्हा पुसा.

गिअर काढायचेच असतील तर आधी त्यांच्यावरच्या खुणा पाहा. छोटं भोक, बाण, टिंब असं काहीतरी असतं आणि ते शेजारच्या गिअरच्या खुणेशी जुळलेलं असतं. फोटो काढा, शिवाय मार्करने आपली खूण करा. एक दात इकडचा तिकडे झाला तरी मशीनचं सगळं वेळापत्रक बिघडतं.

आता एक छुपा गुन्हेगार. यंत्रणा कुठल्या स्थितीत आहे हे मशीनला मोड स्विच सांगतो, गिअरखालचा एक चपटा, गोल किंवा सरकता स्विच. त्याचे संपर्क काळे पडले की मशीन वेड्यासारखं वागतं: प्ले दाबलं की रिवाइंड, कॅसेट आत-बाहेर, कधी नीट कधी नाही. असा कुठलाही 'कधी कधी' होणारा बिघाड दिसला की आधी हाच काढून, उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. बसवताना त्याची खूणही जुळवायची.

फालतू कॅसेटची परीक्षा

आधी फॉरवर्ड, मग रिवाइंड, शेवटपर्यंत. मग प्ले. नजर टीव्हीकडे नको, मशीनकडे ठेवा. उजवीकडचं रीळ एका गतीने फिरतंय का? ते अडखळत असेल तर टेप आत साचणार, म्हणजे आयडलर किंवा बेल्ट. पिंच रोलरपाशी टेपची कड दुमडते का? दुमडत असेल तर लगेच थांबवा, रोलर कडक झालाय किंवा वाकडा चाललाय. खांबांपाशी टेप सुरकुतते का?

मशीन काही सेकंद चालून आपोआप बंद होत असेल तर तेही बहुधा रिळाचंच दुखणं. रीळ फिरतंय की नाही हे त्याखालचा एक सेन्सर पाहत असतो आणि रीळ थांबलं की टेप वाचवायला मशीन स्वतःला बंद करतं. रीळ फिरतंय आणि तरीही बंद होतंय, तर सेन्सरवरची धूळ पुसा.

आता चित्र पाहा. शक्य असेल तर जुन्या पेटीच्या टीव्हीवर, कारण नवे टीव्ही सिग्नल जरा कमजोर दिसला की निळा पडदा दाखवतात आणि आपल्याला वाटतं काहीच येत नाही. जोडणी पिवळ्या आणि पांढऱ्या-लाल पिनांची. अँटेनाच्या वायरीने जोडलं तर चित्र उगाच खराब होतं. नव्या टीव्हीला या पिनांची भोकं नसतात, हेडफोनसारख्या भोकात बसणारी जोडवायर वेगळी घ्यावी लागते.

पूर्ण पडद्यावर मुंग्या आणि आवाज स्वच्छ: व्हिडिओ हेड मळलंय, पुन्हा कागद. दोन-तीनदा साफ करूनही फरक नाही, दुसऱ्या कॅसेटवरही तेच, तर मग मात्र हेड झिजलंय हे मान्य करा. मुंग्यांचा पट्टा फक्त वरच्या भागात स्थिर असेल तर ड्रमच्या आधीच्या खांबाकडे, खालच्या भागात असेल तर नंतरच्या खांबाकडे पाहा. बहुतेक वेळा चाकोरीतल्या घट्ट ग्रीसमुळे खांब शेवटपर्यंत जाऊन बसलेला नसतो. पट्टा सावकाश वर-खाली तरंगत असेल तर कंट्रोल पल्स, म्हणजे रेघा कुठे आहेत हे मशीनला सांगणाऱ्या खुणा, नीट मिळत नाहीत. हे पल्स टेपच्या खालच्या कडेला असतात आणि आवाज वरच्या कडेला, दोन्ही वाचणारं हेड एकच. त्यामुळे आवाज दबका आणि पट्टा तरंगता, असं एकत्र दिसलं की ते हेड वरपासून खालपर्यंत नीट पुसा. आणि काहीही करण्याआधी ट्रॅकिंगचं बटण, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमकं आणणारं, फिरवून पाहा. दुसऱ्याच्या मशीनवर रेकॉर्ड केलेल्या कॅसेटला ते लागतंच.

दिवाच लागत नसेल

फ्यूज पाहा. काच काळी झाली असेल तर आत शॉर्ट आहे. नवा फ्यूज तसाच उडेल. फ्यूजच्या जागी तार बांधणं हा आपल्याकडचा आवडता उपाय इथे सरळ आगीला आमंत्रण आहे.

फ्यूज ठीक आणि मशीन मेलेलं, किंवा डिस्प्ले टिक-टिक करत मिटमिटतोय, तर एसएमपीएसमधले लहान इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकलेले असतात. वर्षानुवर्षं प्लगला लावून ठेवलेल्या मशीनमध्ये हे हमखास. चित्रात जाड आडव्या सावल्या फिरत असतील तरी संशय इथेच. कॅपॅसिटर बदलायला सोपे: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंश लिहिलेले, पट्टीची बाजू ऋण. पण मोठ्या कॅपॅसिटरच्या दोन पायांवर मल्टीमीटर लावून व्होल्टेज जवळजवळ शून्य झाल्याची खात्री केल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. सोल्डरिंगचा सराव नसेल तर एवढा बोर्ड काढून टीव्ही दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. व्हीसीआर घेऊन गेलात तर तो नाही म्हणेल, एसएमपीएस बोर्ड घेऊन गेलात तर बहुधा करून देईल.

कॅसेटची डागडुजी

मशीन तयार झालं म्हणून कॅसेट तयार असतेच असं नाही. कोकण, गोवा, मुंबई इथल्या पावसाळ्यातून गेलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडे पाहा. टेपच्या कडेवर पांढरी पूड किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी एक कॅसेट लावली की बुरशी सगळ्या वाटेवर पसरते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती आधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस ठेवा, म्हणजे बुरशी कोरडी होते. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर तर नकोच. मग तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर, कवच उघडून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रिळाच्या कडा पुसा. त्यानंतर एखाद्या टाकाऊ मशीनमध्ये फॉरवर्ड-रिवाइंड करा. पुष्कळ जुन्या मशीनमध्ये फॉरवर्ड-रिवाइंडला टेप कॅसेटच्या आतच राहते, ड्रमला लागत नाही. बुरशी थरावर थर असेल आणि चित्रण दुसरीकडे कुठेच नसेल, तर हे काम व्यावसायिकाला द्या.

कवच उघडताना खालच्या बाजूचे पाच स्क्रू सैल करा, दोन्ही भाग हाताने दाबून कॅसेट सुलटी करा आणि मगच वरचा भाग उचला. उलटीच उघडली की रिळं आणि स्प्रिंग घरंगळतात.

तुटलेली टेप जोडताना चुरगळलेला भाग कापून टाका, दोन्ही टोकं एकत्र धरून तिरका काप द्या, म्हणजे ती एकमेकांवर न चढता नेमकी भिडतात. झाकण उघडल्यावर समोर दिसते ती बाजू चित्रणाची. चिकटपट्टी तिच्या मागच्या बाजूला लावायची. साधी सेलोटेप नको, तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरून हेडवर येतो. ऑडिओ टेपची स्प्लायसिंग टेप मिळाली तर कापून वापरा. सुरुवातीलाच तुटली असेल तर जोडूच नका. टेपचं टोक थेट रिळाच्या चिमट्यात अडकवा, काही सेकंदांचं चित्रण जाईल पण हेड वाचेल.

आणि प्रत्येक घरच्या कॅसेटच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची चकती तोडलेली आहे ना, हे पाहा. ती शाबूत असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं की लग्न पुसून जातं.

उतरवून घेणं

आता ती कॅसेट. एकदा पूर्ण फॉरवर्ड, एकदा पूर्ण रिवाइंड, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटतात. मग पहिल्याच प्लेला कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. 'आधी सगळ्यांनी बघू, मग कॉपी करू' असं करू नका, कारण पुढच्या खेपेला टेप तेवढीच चांगली असेल याची खात्री नसते.

यूएसबीचं कॅप्चर यंत्र पुरतं. पालसाठी ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. डीव्हीडीच्या पद्धतीने ८ मेगाबिटने साठवलं तर तासाला सुमारे साडेतीन जीबी जागा लागते. स्वस्त यंत्र अस्थिर चित्रावर फ्रेम गाळतं आणि आवाज ओठांच्या मागे-पुढे होतो. अशा वेळी व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्राच्या मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून त्यातून सिग्नल न्या, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. प्रत्येक कॅसेटनंतर आवाजाचं हेड, कॅपस्टन आणि पिंच रोलर पुसा; चित्रात मुंग्या दिसू लागल्या तरच ड्रम.

मशीन पुढेही ठेवायचं असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा तासभर चालवा, म्हणजे रबर एकाच जागी दबून राहत नाही आणि ग्रीस हलतं राहतं. काम झाल्यावर कॅसेट आत ठेवू नका. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलं तर दोन तास नुसतं ठेवून मग चालवा, नाहीतर ड्रमवर दव धरतं आणि टेप चिकटते. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, स्पीकरपासून लांब, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. तळाच्या कप्प्यात फरशीची ओल चढते, सिलिका जेल असलं तरी.